सतरंजीवर सांडलेले मेण



आजचा विषय अगदी घरगुती आहे. आपल्या घरात आणि विहारात मेणबत्ती लागत नाही असा प्रसंग सापडणार नाही. बाळाचे नामकरण असो, नव्या घरातला प्रवेश असो, कोणाचे पुण्यानुमोदन असो, की वर्षावासाच्या तीन महिन्यांत चाललेले ग्रंथवाचन असो. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे फुले, अगरबत्ती आणि मेणबत्ती असतेच. आणि समोर बसायला सतरंजी अंथरलेली असते. दोन खोल्यांच्या घरात वेगळी जागा कुठली? प्रतिमा स्टुलावर, मेणबत्त्या खाली ताटलीत, आणि ताटलीला लागूनच सतरंजीची कड. वरून पंखा फिरतो, ज्योत एका बाजूला कलते आणि मेणाची धार वाहू लागते. वंदना चालू असल्याने कोणाचे तिकडे लक्ष नसते. दुसऱ्या दिवशी झाडताना दिसते की सतरंजीवर रुपयाएवढे पांढरे ठिपके पडले आहेत.

दोन दिवसांत त्यांवर पाय पडतात, धूळ चिकटते आणि पांढऱ्याचे काळे होते. मग कोणी विळीने खरडतो, कोणी पेट्रोल ओततो, कोणी तापलेली इस्त्री थेट त्यावर फिरवतो. मेण निघण्याऐवजी सूतच निघते. वर्गणी काढून घेतलेली विहाराची सतरंजी अशी दोन-तीन वर्षांत चाळणी होते. म्हणून हे काम नीट कसे करावे, आणि ते कोणी करावे, या दोन्ही गोष्टी आज पाहू.

मेण म्हणजे काय?

बाजारात मिळणारी नेहमीची मेणबत्ती पॅराफिन मेणाची असते. हे मेण खनिज तेलापासून निघते. आसाममधील दिग्बोई येथे १९०१ साली सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना मेणासाठी प्रसिद्ध आहे. मेण तेलाच्या कुळातले असल्यामुळे पाण्यात विरघळत नाही. म्हणून साबण लावून गार पाण्याने कितीही घासले तरी हाताला फोड येतील, डाग हलणार नाही.

मेणाचे दोन गुण मात्र आपल्या उपयोगाचे आहेत. गार झाले की ते ठिसूळ होते आणि तुटते. आणि ते थोड्याशा उष्णतेने, साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसला, वितळते. पाणी उकळायला १०० अंश लागतात. म्हणजे मेण वितळवायला आग लागत नाही, नुसती ऊब पुरते.

आता तिसरी गोष्ट. मेणबत्तीची वात म्हणजे सुताचा पीळ. वितळलेले मेण त्या पिळातून आपोआप वर चढते आणि टोकाला जळते. आपली सतरंजीही सुताचीच. म्हणून वितळलेले मेण सतरंजीच्या सुतातही तसेच शिरते. विट्याच्या यंत्रमाग कामगारांना हे वेगळे सांगायला नको. ताण्याच्या सुताला खळ देताना तिच्यात मेणासारखा किंवा चरबीचा स्निग्ध पदार्थ घालतात, म्हणजे धागा घासून तुटत नाही. सूत स्निग्ध पदार्थ धरून ठेवते हे तिथे कामाचे ठरते, सतरंजीवर तेच त्रासाचे होते. उपायही यातच आहे. सुताने मेण ओढले, तसेच कोरडा कागद किंवा जुने सुती फडकेही मेण ओढते. आपण ऊब द्यायची आणि सुतातले मेण कागदाला पिऊ द्यायचे.

ही साधी मेणबत्ती किती शिकवते ते इंग्लंडच्या मायकेल फॅरेडे यांनी दाखवून दिले. १७९१ साली लोहाराच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायला लागला आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून विज्ञान शिकला. पुढे ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाले. १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांसमोर एकट्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. आपल्या मुलांनाही मेण काढताना जवळ बसवावे. का वितळले, का गोठले, कागदाने का ओढले, हे त्यांना विचारावे. विज्ञानाचा एक धडा घरीच होईल.

काढण्याची रीत

पहिली पायरी थांबण्याची. मेण सांडले की लगेच फडक्याने पुसायला जाऊ नका. ओले मेण पुसले की पसरते आणि खोल शिरते. आधी मेणबत्ती सरळ करा, मुलांना बाजूला घ्या, आणि मेणाला गोठू द्या. मेण लागलेली सतरंजी उन्हात वाळत घालू नका. आपल्याकडे चैत्र-वैशाखाच्या उन्हात मेण मऊ होऊन सुतात उतरते.

दुसरी पायरी गार करण्याची. डिसेंबरच्या थंडीत मेण आपोआप कडक होते. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमके भीमजयंती आणि बुद्धपौर्णिमेच्या दिवसांत, ते चिकटच राहते. अशा वेळी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे बांधून डागावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. पिशवी हवीच, नाहीतर सतरंजी भिजेल. फ्रीज नसेल तर माठातले गार पाणी सपाट बुडाच्या स्टीलच्या डब्यात भरून डब्याचे बूड डागावर टेकवा. पहाटेच्या गारव्यातही हे काम चांगले होते.

तिसरी पायरी तोडण्याची. डाग असलेला भाग दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवा. मेणाला तडे जातात आणि बरेचसे तुकडे सुटतात. उरलेले चमच्याच्या कडेने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने उचला. कडेकडून मध्याकडे या, म्हणजे डाग वाढत नाही. चाकू, विळी, ब्लेड, तारेची घासणी या चार वस्तू लांब ठेवा. सुटलेले तुकडे लगेच झाडून घ्या. तिथेच राहिले तर पुढच्या पायरीत ते पुन्हा वितळतील.

चौथी पायरी ऊब देण्याची. सतरंजी फरशीवर पसरून डागाच्या खाली आणि वर कोरडा, शोषून घेणारा साधा कागद ठेवा. किराणा दुकानातला खाकी कागद, टिश्यू पेपर किंवा धुतलेले जुने सुती फडके, काहीही चालेल. मात्र छापील वर्तमानपत्र नको, कारण उष्णतेने त्याची शाई सतरंजीवर उतरू शकते. आपला हा अंकसुद्धा त्यासाठी वापरू नका. तो वाचून शेजारी द्या!

इस्त्री सर्वात कमी उष्णतेवर ठेवा. इस्त्रीवर आणि कपड्यांच्या चिठ्ठीवर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २००. मेण ६० अंशांच्या आतबाहेर वितळते, म्हणून एक ठिपका भरपूर झाला. वाफेचे बटण बंद ठेवा. इस्त्री कागदावर पाच-सात सेकंद टेकवा आणि उचला. घासू नका, नाहीतर मेण पसरेल. कागदावर तेलकट डाग उमटला की समजावे, मेण वर येत आहे. दरवेळी कागदाचा कोरा भाग डागावर आणा. पाच-सहा वेळा केल्यावर कागद कोरा राहू लागतो. तेव्हा थांबा.

घरात इस्त्री नसेल तर सपाट बुडाच्या पितळी किंवा स्टीलच्या भांड्यात कडकडीत पाणी भरून, भांडे बाहेरून पुसून कोरडे करा आणि कागदावर टेकवा. काम होते. भांडे गच्च धरा आणि मुलांना लांब बसवा. कोळशाची इस्त्री शक्यतो टाळा. तिची उष्णता ताब्यात राहत नाही आणि ठिणगी पडते.

पाचवी पायरी धुण्याची. सुती सतरंजी असेल आणि तिचा रंग जात नसेल तर डागाचा भाग गरम पाण्यात धुण्याचा सोडा आणि साबण घालून धुवा. आधी एक कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने दाबून पाहा. फडक्याला रंग लागला तर गरम पाण्याचा नाद सोडा आणि कोमट पाण्यावर भागवा. मेण मिसळलेले गरम पाणी मोरीत ओतू नका. पुढे गार झाल्यावर ते नळीत गोठते आणि मोरी तुंबते. पाणी तसेच निवू द्यावे. वर मेणाचा पापुद्रा धरतो. तो उचलून घ्यावा आणि मग पाणी ओतावे.

रंगीत मेणबत्तीचा डाग असेल तर मेण गेल्यावरही लाल किंवा निळी छटा राहते. त्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट कापसाच्या बोळ्यावर घेऊन डाग टिपावा. कोपऱ्यावर आधी पाहून घ्यावे, खिडकी उघडी ठेवावी, आणि जवळ गॅस, मेणबत्ती, अगरबत्ती काहीही पेटलेले नसावे. स्पिरिट पूर्ण उडून जाईपर्यंत त्या जागी इस्त्री लावू नये. त्यापेक्षा आधीच पांढरी मेणबत्ती आणणे सोपे.

सतरंजी सोडून इतर अंथरुणे

घोंगडी : आपल्या माणदेशात लोकरीची घोंगडी घरोघरी असे, अजूनही काही घरांत आहे. लोकरीला उकळते पाणी चालत नाही, ती आटते. तिच्यावरचे मेण गार करून झटकावे. मग एक ठिपक्याची इस्त्री, मध्ये कागदाऐवजी जरा जाड सुती फडके.

प्लॅस्टिकची चटई : हिला इस्त्री अजिबात लावू नये, क्षणात आक्रसते. पण तिच्यात मेण शिरतही नाही. बर्फ ठेवून वाकवली की मेण टकाटक सुटते. राहिलेला तेलकटपणा कोमट साबणाच्या पाण्याने जातो.

मंडपवाल्याचे कार्पेट : कार्यक्रमाला भाड्याने आणतो ते लाल-हिरवे कार्पेट बहुधा कृत्रिम धाग्याचे असते. त्याचा धागा जास्त उष्णतेने वितळतो, आणि वितळलेला धागा पुन्हा सरळ होत नाही. मेण गार करून उचला. मग कडेच्या, न दिसणाऱ्या जागी फडके ठेवून अगदी कमी उष्णतेची इस्त्री दोन सेकंद लावून पाहा. धागा चमकला किंवा चिकटला तर तिथेच थांबा. केस वाळवायचे यंत्र कोणाकडे असेल तर ते बरे. लांबून ऊब द्यायची आणि कागदाने टिपायचे. कार्पेट परत करताना डाग गुंडाळून देऊ नये. आधी दाखवावा, म्हणजे अनामत रकमेवरून वाद होत नाही आणि पुढच्या वेळी तोच माणूस आनंदाने सामान देतो.

पेट्रोल, थिनर, रॉकेल नको

पूर्वी रेशनवर रॉकेल मिळे तेव्हा ते डागावर ओतायची सवय होती. रॉकेल आणि पेट्रोल यांत मेण सैल होते हे खरे. पण ते सुतात मुरते, आणि त्याच सतरंजीवर आपण पुन्हा मेणबत्ती लावून बसतो. एका डागासाठी घर पेटवून घेण्यासारखे आहे हे. मागावर काम करणाऱ्या घरांत कपड्यांवर, कोपऱ्यांत सुताचा आणि कापसाचा भुगा असतो. तो तर ठिणगीचीच वाट पाहत असतो.

अंगावर गरम मेण पडले तर भाजलेला भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. चिकटलेले मेण ओरबाडू नये, त्याबरोबर कातडी निघते. हळद, टूथपेस्ट, शाई, तेल काहीही लावू नये. फोड मोठा असेल, डोळ्याजवळ असेल किंवा लहान मूल असेल तर दवाखाना गाठावा. साडीने पेट घेतला तर पळू न देता जमिनीवर लोळवावे किंवा जाड सुती चादरीत गुंडाळावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सांडू नये म्हणून

चांगली जळणारी मेणबत्ती स्वतःच एक वाटी तयार करते. कडा उभी राहते, मध्ये मेण साचते, वात ते ओढते. वारा लागून ज्योत कलली की एका बाजूची कडा वितळते आणि वाटी फुटते. म्हणून वंदनेच्या वेळी मेणबत्तीवरचा पंखा बंद ठेवावा. वात बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा कमी, साधारण सहा मिलिमीटर ठेवावी. खोलगट ताटात वाळूचा थर देऊन त्यात मेणबत्ती रोवावी आणि सतरंजीची कड ताटापासून हातभर मागे सरकवावी.

एका मेणबत्तीने दुसरी पेटवताना पेटलेली सरळ धरावी आणि न पेटलेली तिच्याकडे कलती करावी. आपण बहुधा उलटे करतो, आणि तिथेच पहिला थेंब सांडतो. जयंतीच्या रात्री मेणबत्ती घेऊन रॅलीत चालणाऱ्या मुलांसाठी कागदी पेल्याच्या बुडाला भोक पाडून त्यात मेणबत्ती बसवावी, म्हणजे हात आणि कपडे वाचतात.

आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वर येथे, भावेश भाटिया या दृष्टिहीन उद्योजकाने मेणबत्त्यांचा व्यवसाय उभा केला आणि अनेक दृष्टिहीन बंधू-भगिनींना त्यात काम मिळाले. ज्यांना ज्योत दिसत नाही ते शिस्तीने गरम मेण हाताळतात. मग दोन डोळे असणाऱ्यांनी ताट हातभर लांब ठेवायला काय हरकत आहे?

उरलेल्या तुकड्यांचे मेण फेकू नये. शाळेच्या दप्तराची अडकणारी चेन आणि लाकडी खिडकीची घट्ट चौकट यांवर मेण घासले की ती सरकू लागतात. पादत्राणे शिवणारे कारागीर दोरा मेणावरून ओढतात, तो त्यामुळे मजबूत होतो. तुकडे वितळवायचे असतील तर मेणाचे भांडे गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवावे, थेट गॅसवर कधीही नाही. मेणाने पेट घेतला तर गॅस बंद करून झाकण टाकावे. पाणी ओतले तर भडका उडतो.

सतरंजी कोणी साफ करायची?

आता शेवटची गोष्ट, आणि तीच मला जास्त महत्त्वाची वाटते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपले विटा आणि सारा खानापूर तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यातच होता, म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीच आहे. बाबासाहेबांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की शाळेत त्यांना बसायला वेगळे गोणपाट होते, आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. संध्याकाळी ते गोणपाट त्यांना घरी न्यावे लागे आणि सकाळी पुन्हा आणावे लागे. 

बसायची जागा कोणाची आणि तिला हात कोणी लावायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आज विहारात आपण सगळे एका सतरंजीवर बसतो. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेला साहेब, मागावरचा कामगार, नगरपालिकेचा सफाई कामगार आणि शाळेतले पोर, सगळे शेजारी. पण कार्यक्रम संपला की काय होते ते पाहा. पुरुष मंडळी बाहेर भाषणावर चर्चा करतात, कार्यकर्ते फोटो काढतात, आणि आत दोन-तीन आयाबाया व त्यांच्या मुली गुडघ्यावर बसून मेण खरडत असतात. कित्येकदा त्या मुलींची दुसऱ्या दिवशी परीक्षा असते. बसताना सगळे समान आणि उचलताना मात्र ठरावीक हात, हे आपल्या विचारात बसत नाही.

मी हिशोबातला माणूस, म्हणून हिशोबाच्या भाषेत सांगतो. विहाराची सतरंजी ही मंडळाच्या वहीत मालमत्तेच्या बाजूला लिहिलेली असते. मालमत्ता सर्वांची, तर तिची झीज आणि निगाही सर्वांच्या खाती पडली पाहिजे. मंडळांना माझी सूचना साधी आहे. कार्यक्रमपत्रिकेत जसे स्वागत, प्रास्ताविक आणि आभार यांसमोर नाव असते, तसे शेवटी "सतरंजी व स्वच्छता" या ओळीसमोरही चार नावे लिहावीत. त्यांत निदान दोन पुरुषांची असावीत, आणि एक नाव पदाधिकाऱ्याचे असावे. दरवेळी नावे बदलावीत. विहाराच्या कपाटात एका पिशवीत खाकी कागद, दोन सुती फडकी, एक जुना चमचा आणि वाळूचे ताट ठेवावे. आणि त्या रात्रीच सतरंजी झटकून, गोठलेले तुकडे काढून, घडी घालून ठेवावी. उद्यावर टाकलेले मेण पायाखाली जाते आणि काम दुप्पट होते.

घरीही हेच. आईने इस्त्री धरली तर मुलाने कागद बदलावा, वडिलांनी पाणी तापवावे. अर्ध्या तासाचे काम आहे.

येत्या वंदनेच्या आधी सतरंजी एकदा उजेडात पसरून पाहा. जुने डाग असतील तर याच रीतीने काढून बघा आणि काय अनुभव आला ते कळवा.

जयभीम! नमो बुद्धाय!